सम रेघेवर यायला हवी

पत्र, थोडं आटोपून:

"मी सांगलीवाडीत राहते. वय ४३, पतसंस्थेत नोकरी. पेटीच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिल्यात आणि वाडीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवते. २०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी स्विचबोर्डाच्या वर गेलं होतं. त्यावर मी एक गाणं लिहिलंय. त्याला चाल लावायला दोन वर्षं झटते आहे. मुखडा, म्हणजे गाण्याची परत परत येणारी पहिली ओळ, सुचतो, पण सुचलेला प्रत्येक मुखडा चार दिवसांनी कुठल्यातरी जुन्या गाण्याचा निघतो. अंतरा तर सुचतच नाही. गुरुजी म्हणतात, विशारद होईपर्यंत असले उद्योग करू नका. पुतण्यानं माझे शब्द मोबाईलमधल्या एका ॲपला दिले आणि मिनिटभरात वाद्यांसकट गाणं तयार करून दाखवलं. त्या दिवसापासून पेटी उघडलेली नाही. शिवाय दुसऱ्या अंतऱ्यात 'स्विचबोर्ड' असा शब्द आलाय, तो गाण्यात शोभतो का? मी हे सोडून द्यावं का?"

ताई,

पेटी उघडलेली नाही हे फार बरं झालं. मीही तुम्हाला तेच सांगणार होतो, फक्त कारण वेगळं आहे.

तुमची बोटं वीस वर्षं भजनं वाजवताहेत. पट्ट्यांवर हात ठेवला की ती आपल्या नेहमीच्या वाटेनंच जातात. तुम्हाला वाटतं चाल सुचली, खरं तर बोटांना आठवली. म्हणून चार दिवसांनी ती जुन्या गाण्याची निघते. दुसरं, बोलताना आपला आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. "पाणी ओसरलं" हे तुम्ही शेजारणीला सांगता तेव्हा त्यात पायऱ्या नसतात, उतार असतो. पेटीत मींड, म्हणजे हे घसरणं, नाही, तिला पायऱ्याच येतात. मग शब्दांचा मूळचा उतार पहिल्याच मिनिटाला हरवतो आणि आपण पट्ट्यांना सोयीचं काहीतरी बसवतो. गोविंदराव टेंबे पेटीवालेच होते आणि त्यांच्या चालींवर अख्खा महाराष्ट्र डोलला, हे मला ठाऊक आहे. पण ते टेंबे होते. मीही पेटीवालाच आहे आणि माझ्या बऱ्याचशा वाईट चाली पेटीसमोर बसून झाल्यात.

तेव्हा तंबोरा लावा. मिरजेच्या सतारमेकरांकडचा खरा असेल तर उत्तमच, नाहीतर मोबाईलमधला चालेल. पट्टी, म्हणजे तुमचा सा, नेहमीचीच ठेवा आणि पहिले दोन-तीन दिवस गाऊच नका. ओळ बोला. रागानं बोला, थकून बोला, फोनवर बहिणीला सांगितल्यासारखी बोला. कुठं थांबता, कुठल्या अक्षरावर वजन टाकता, आवाज कुठं चढतो, तेवढं ऐका.

तुमची पहिली ओळ मला फार आवडली: "पाणी ओसरलं, भिंतीवर रेघ राहिली." सांगली-मिरजेत राहणाऱ्याला यावर वेगळी टीप लागत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेलं त्याचे आकडे ऐकत रात्र काढलेली माणसं आहोत आपण. मी ही ओळ दोन दिवस घोळवली, अगदी मात्रा मोजून. मी काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण बाकी सगळा सल्ला त्यातच आहे.

लघूची एक आणि गुरूच्या दोन असं धरलं तर "पाणी ओसरलं" च्या दहा मात्रा होतात, "भिंतीवर" च्या सहा, "रेघ राहिली" च्या आठ. ("लं" वर अनुस्वार लिहितो, पण तोंडात तो लांबलेला "अ" असतो, म्हणून गुरू.) एकूण चोवीस. चोवीस म्हटल्यावर दादरा तालही बसतो, सहा मात्रांची चार आवर्तनं, म्हणजे चार फेरे. तुम्ही पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये दादराच आहे. हिशेब बरोबर आहे, पण सम, म्हणजे प्रत्येक आवर्तनाची पहिली, वजनाची मात्रा, कुठं पडते पाहा: पहिली "पा" वर, मग "स" वर, मग "ती" वर आणि शेवटची "घ" वर. "रे" मागच्या आवर्तनात राहिला आणि "घ" समेवर आला. रेघ मधोमध तुटली! ऐकताना काहीतरी टोचत होतं असं तुम्ही लिहिलंय, ते हेच. त्यात सुरांची काही चूक नाही.

आता तीच ओळ केहरव्यात घाला, आठ मात्रांच्या तीन आवर्तनांत. तुमच्या मंडळाच्या भजनी ठेक्यातही बसेल.

पाणी ओसर
लं, भिंतीवर
रेघ राहिली

तिसरी सम थेट "रे" वर आली. दुसरी "लं" वर आहे. क्रियापदाच्या शेपटीवर सम म्हणजे एरवी मी नाक मुरडलं असतं. पण हा शब्द बोलून पाहा. "ओसरलं…" म्हणून माणूस तिथंच क्षणभर थांबतो, म्हणजे ती सम तुमच्या बोलण्यातच होती. एक पथ्य पाळा. "राहिली" मधला "हि" र्‍हस्व आहे, तो ओढून "राहीली" करू नका. ताण द्यायचा तर शेवटच्या "ली" वर द्या. र्‍हस्व अक्षरं ताणून मात्रा भरायची खोड मोठमोठ्यांना असते, आणि मराठी कानाला ती दाताखाली खडा आल्यासारखी लागते.

गाण्याचा सांगाडा झाला आणि अजून एकही सूर ठरलेला नाही. सूर ठरवताना पहिला मोह होईल तो पाणी ओसरतंय म्हणून सूर उतरवायचा. तो उतार बोलण्यातच आहे, त्याला आणखी धक्का द्यायची गरज नाही. मला विचाराल तर सगळं लक्ष रेघेकडे द्यावं. भिंतीवरची पुराची रेघ कशी असते? सरळ. गवंड्यानं ओळंबा-पाणसळ लावून मारावी तशी. मग "रेघ" एका सुरावर सरळ ठेवा. तिथं मुरकी नको, हरकत नको. मंडळातली एखादी हौशी बाई तिथं गिरकी घेईलच, तिला प्रेमानं थांबवा.

स्वर किती घ्यायचे? कमी. जात्यावरच्या ओव्या चार-पाच स्वरांत फिरतात आणि तेवढ्यात बायकांनी जन्माची दुःखं सांगितलीत. तुम्ही सा रे ग प ध एवढेच पाच घ्या. मध्यमा झालेल्या माणसाला मी भूप राग शिकवणार नाही, पण भूप आणि देशकार शेजारी ठेवून पाहा. पाच स्वर तेच. भूप गंधाराला (ग) धरून राहतो, देशकार धैवताला (ध) आणि त्याची सगळी ऊठबस वरच्या अंगात. एवढ्या फरकानं घर बदलतं. "रेघ" गंधारावर ठेवलीत तर ती भिंतीवर खाली, डोळ्यांच्या पातळीत दिसेल. धैवतावर ठेवलीत तर मान वर करून बघावी लागेल. तुमच्या घरातली रेघ स्विचबोर्डाच्याही वर आहे म्हणता. मग ठरवा.

चोरीच्या भीतीबद्दल. माझा एक प्रसंग सांगतो. तरुणपणी इथल्याच एका हौशी मंडळाच्या नाटकाला चाली देत होतो. तालमीत माझं सर्वांत आवडतं पद मोठ्या तोऱ्यात म्हणून दाखवलं. मुखडा संपला आणि तबलजीनं काही न बोलता एका जुन्या सिनेमातल्या गाण्याचा मधल्या संगीताचा तुकडा तोंडानं वाजवला. अगदी पुढचा तुकडा, जिथं यायला हवा तिथं. सगळे हसले, मी पण हसलो. घरी जाऊन जेवलो नाही.

पुढं कळलं की घाबरण्यासारखं त्यात फारसं नव्हतं. आपल्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं नाटक उभं केलं त्याचा हा मान. पण ज्या संगीत नाटकांवर आपले आजे-पणजे पोसले, त्यांची जुनी पुस्तकं उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि "चाल" म्हणून कुठल्या तरी आधीच्या चिजेचे, लावणीचे नाहीतर कानडी पदाचे शब्द सरळ छापलेले असतात. लपवाछपवी नाही. टेंब्यांनी १९११ मध्ये सांगलीच्याच खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाला चाली दिल्या, त्यांतही उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्यांचा ढंग होता. उचललेलं इथं आणून मुरवायचं, हेच तर आपलं घराणं. फरक एवढाच की आज चालीवरही मालकी हक्क असतो. दुसऱ्याची चाल जशीच्या तशी ठेवून आपल्या नावावर खपवू नका.

म्हणून एक उलटा अभ्यास करा. पुढच्या वेळी मुखडा जुन्या गाण्याचा निघाला की टाकू नका. मुद्दाम ते गाणं घ्या, तुमचे शब्द त्यावर चढवा आणि दादऱ्यातलं केहरव्यात न्या. शब्दांच्या समा हलल्या की सुरांची ओढाताण सुरू होते. मग ते जिथं थांबतं तिथं थांबू नका, दुसऱ्या स्वरावर उतरा. हे चार वेळा केलंत की मूळ गाणं ओळखू येत नाही. उरतं ते बरंचसं तुमचं असतं. तरीही शंका राहिली तर मंडळातल्या तबलजीला ऐकवा. तबलजींची स्मरणशक्ती निर्दय असते.

आता अंतरा. "सुचतच नाही" असं तुम्ही दोनदा लिहिलंय, अधोरेखित करून. मला वाटतं, तुम्ही अंतऱ्यासाठी नवी चाल शोधताय, आणि घोडं तिथंच पेंड खातंय. अंतरा म्हणजे दुसरं गाणं नव्हे. मुखड्यातून निघून मुखड्याकडे यायचा तो फेरा. शिकताना आपल्या डोक्यात बसलेलं असतं की अंतरा म्हणजे वरचा षड्ज (सा) गाठायचा. बंदिशीत बहुतेकदा तसं असतं, पण गाण्यात तसा कायदा नाही. आधी परतीची वाट बांधा. जायचं कसं ते नंतर.

तुमच्या अंतऱ्याची ओळ आहे: "आजीच्या फोटोला ऊन दाखवलं." (पापडांना, गाद्यांना ऊन दाखवतात. फोटोला दाखवलेलं मी पहिल्यांदाच वाचलं आणि कागद बाजूला ठेवून जरा वेळ गप्प बसलो.) ही ओळ समेपासून सुरू केली तर "आजीच्या फो" इथं आवर्तन संपतं आणि सम "टो" वर पडते. फोटो फाटला. म्हणून समेवर गाऊच नका. ठेका दोन मात्रा एकटा जाऊ दे आणि तिसऱ्या मात्रेवरून उठा. आजीचं नाव घेण्याआधी तेवढं थांबणं शोभतंही.

(दोन मात्रा गप्प) आजीच्या
फोटोला…
ऊन दाखव
लं, भिंतीवर
रेघ राहिली

दुसऱ्या ओळीत "ला" चार मात्रा धरा, तिसऱ्या ओळीत "ऊ" तीन मात्रा. ऊन लांब असलेलं चांगलं, त्या ऑगस्टात ते मिळत कुठं होतं? आता चौथी ओळ पाहा. "दाखवलं" चं "लं" समेवर आलं, आणि मुखड्यातल्या "ओसरलं" चं "लं" सुद्धा समेवरच होतं. दोन्ही "लं" एकाच स्वरावर ठेवलेत की मुखड्याच्या सुरुवातीला परत जायलाच नको. "ऊन दाखवलं" म्हणता म्हणता तुम्ही मधूनच "भिंतीवर" मध्ये शिरता आणि पुढच्या समेला रेघ हजर. ऐकणाऱ्याला कळतही नाही की आपण घरी कधी आलो. शब्दांची ही सोय मी केलेली नाही, तुमच्या लिहिण्यातच ती होती. पेटीच्या आवाजात ऐकू येत नव्हती एवढंच.

परत कुठं यायचं हे ठरलं. आता "आजीच्या फोटोला" कुठून उठवायचं ते तंबोऱ्यावर बसून शोधा. वरून येऊन पाहा, खालून येऊन पाहा. एका बैठकीत दहा तऱ्हा कराल. प्रत्येक मोबाईलवर रेकॉर्ड करा, तारीख बोला आणि आठवडाभर ऐकू नका. आठवड्यानं रेकॉर्डिंग न लावता म्हणून पाहा. जी तऱ्हा तोंडात शिल्लक असेल ती ठेवा. मग वहीत सरगम लिहा, समेची खूण करून. आणखी एक तपासणी मंडळात करा. मुखडा दोनदा म्हणा आणि गप्प बसा. तिसऱ्या वेळी बायकांनी आपणहून उचलला तर चाल बसली. सगळ्या जणी एकाच जागी अडखळल्या तर दोष त्यांचा नाही, त्या जागेला डागडुजी हवी. तेव्हाच त्यांचे आवाज वर कुठपर्यंत पोचतात तेही कळेल. स्वतःच्या गळ्याला मापून चाल केली की मंडळाच्या किंकाळ्या ऐकाव्या लागतात.

गुरुजींचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. बंदिश बांधायची तर राग अंगात मुरायला हवा, आणि त्याला त्यांनी सांगितलेली वर्षं लागतातच. पण तुम्ही बंदिश बांधत नाही, गाणं करताय. त्यांना तसं सांगून पाहा. आणि त्यांच्याकडून जे मिळतंय ते या कामाला लावा. पाठ असलेल्या पाच-सहा मध्यलय बंदिशी काढा आणि प्रत्येकीचा मुखडा कुठल्या मात्रेपासून उठतो, समेवर कुठला शब्द येतो एवढंच वहीत लिहा. तीनतालात नवव्या मात्रेवरून, म्हणजे टाळी नसलेल्या 'खाली'पासून उठणाऱ्या किती सापडतात ते मोजा. हा अभ्यास गुरुजींनाही आवडेल, आणि चाल कशासाठी करताय हे विचारायचं ते विसरतील.

पुतण्याच्या ॲपची क्लिपही ऐकली. वाद्यं झकास, आवाज गोड. पण "भिंतीवर" ची सम "व" वर आहे आणि "रेघ" एका मात्रेत उरकलीये, बस सुटणार असल्यासारखी. शब्द वाचले गेलेत, बोलले गेलेले नाहीत. पुतण्यावर रागावू नका. तुमची चाल बसली की ठेका आणि तंबोरा धरायला त्यालाच मोबाईल घेऊन बसवा, त्या कामाला ती यंत्रं फार चांगली.

सोडून द्यावं का, असं विचारलंत. सहा ओळी लिहून झाल्यात, मुखडा उभा आहे, अंतऱ्याची परतीची वाट सापडलीये. आता सोडणं म्हणजे हरिपूरपर्यंत चालत जाऊन कृष्णा-वारणेचा संगम न बघता माघारी येणं.

आणि "स्विचबोर्ड". मी बोटांवर मोजला. "स्विच" दोन, "बोर्" दोन, "डा" दोन, "च्या" दोन. "स्विचबोर्डाच्या" मध्ये नेमक्या आठ मात्रा आहेत आणि पुढची सम "वर" वर पडते. काढायचा कशाला?